खारपाणपट्ट्यात किडनीचा सर्व्हे कसा करावा: नव्या रेसिडेंटसाठी

एमडी बायोकेमिस्ट्रीला नवीन आलेलं कोणी ना कोणी दरवर्षी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. "मॅडम, किडनीवर थिसिस करायचाय. एनजीएएल करू का?" एनजीएएल म्हणजे किडनीला इजा झाली की वाढणारं एक प्रथिन. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा नेहमीचा टाकाऊ पदार्थ, नीट मोजून दाखवा.

यात खवचटपणा नाही, हिशोब आहे. एनजीएएलचं एक एलायझा किट (अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजायची प्लेट) म्हणजे ९६ खड्डे. आठ स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेले नमुने) दोन-दोनदा लावले की १६ गेले. उरलेल्या ८० मध्ये प्रत्येक नमुना डुप्लिकेट लावायचा म्हटलं तर ४० माणसं झाली की किट संपलं. चाळीस माणसांवरून गावाबद्दल काय बोलणार? त्याच पैशांत चांगल्या पद्धतीचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, गाळणी बिघडली की लघवीत उतरतं) कितीतरी जास्त लोकांचं होतं, आणि त्या आकड्यांवर उद्या फिजिशियन काही करू शकतो. तेव्हा हौस असेल तर एनजीएएल दुसऱ्या थिसिसला. हा सर्व्हे साध्या तपासण्यांचा आहे, आणि साध्या तपासण्याच जास्त फसवतात.

गाव आणि महिना

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. वर जमीन काळी, कसदार. खालचं पाणी खारं. पारावर जरा टेकलात की निदान तयारच असतं. "पानीच असं हाये मॅडम, तं किडनी कशी टिकीन?" त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सर्व्हे करणाऱ्याने उत्तर खिशात घालून गावात शिरायचं नसतं. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, एल साल्वादोर आणि निकाराग्वातले ऊसमजूर, या सगळ्या ठिकाणी मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि तरी किडनी निकामी, अशी माणसं सापडली. पाणी, कीटकनाशकं, ऊन, अंगमेहनत, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. वाद मिटलेला नाही. आपल्याकडे आधी साधी वजाबाकी करायची. मधुमेह कितीजणांना, रक्तदाब कितीजणांचा चढलेला, मुतखडा कोणाला होऊन गेला, दुखण्याच्या गोळ्या कोण रोज खातं. एवढं वजा करून जे उरतील ते खरं कोडं. देशोदेशीचे असे सर्व्हे एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून 'डिग्री' नावाचा एक प्रोटोकॉल २०१७ साली छापला गेला आहे. तो वाचून काढा, मग स्वतःची प्रश्नावली करायला बसा.

एका फेरीत काम होत नाही, हे गाइडला पहिल्याच दिवशी सांगून टाका. केडिगो या किडनीच्या आजारांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला क्रॉनिक म्हणायचं. एकदाच रक्त काढून "गावात इतके टक्के सीकेडी (क्रॉनिक किडनी डिसीज)" असं लिहिणारे पेपर भरपूर आहेत. त्या आकड्यांत जुलाब झालेले, तापातून उठलेले आणि दोन दिवस पाणी कमी प्यायलेले सगळेच आलेले असतात. मी पहिली फेरी दिवाळी आटोपल्यावर ठेवते आणि दुसरी फेब्रुवारीच्या अखेरीस. तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं. कापूस वेचणी चालू असते, त्यामुळे बाया सकाळीच शेताच्या वाटेला लागतात. म्हणून तुम्ही साडेसहाला शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून तयार हवं. मे महिन्यात, अकोला पंचेचाळीसच्या पुढे तापलेलं असताना, सर्व्हे करू नका. अंगातलं पाणी आटलं की क्रिएटिनिन चढतं, आणि आपण मोजतो ते ऊन.

इथिक्स कमिटीची परवानगी, आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे मराठीत संमतीपत्र, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवणं, अंगठा, आणि सर्व्हेशी संबंध नसलेला एक साक्षीदार. हे सगळं तुम्हाला शिकवलेलं आहे, ते करायचंच.

आदल्या दिवशीची डबी

लघवी सकाळची पहिली हवी. दहा वाजता आलेल्या माणसाला "जरा जाऊन भरून आणा" म्हटलं तर त्याच्या मागे दोन तासांची चाल आणि डोक्यावरचं ओझं असतं. नुसत्या श्रमानेही अल्ब्युमिन वाढतं. म्हणून आदल्या संध्याकाळी आशाताईंसोबत घरोघर डब्या वाटा. फिरकीच्या झाकणाची डबी घ्या आणि लेबल डबीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही. वीस झाकणं एकदम उघडली की कुठलं कोणाचं याचा पत्ता लागत नाही. बॉलपेनची शाई बर्फाच्या पाण्यात पसरते. मार्कर किंवा साधी पेन्सिल वापरा.

मासिक पाळी चालू असलेल्या बाईची लघवी त्या दिवशी घ्यायची नाही, ताप किंवा लघवीला जळजळ असलेल्यांचीही नाही. हा प्रश्न तुम्ही पुरुष रेसिडेंट असाल तर विचारूच नका. आशाताई चुलीपाशी बसून दोन शब्दांत विचारून येतात. नंबरापुढे एक फुली मारायची आणि आठवड्याने डबी पुन्हा द्यायची.

"मॅडम, डिपस्टिकने का नाही?" असं विचारणाराही दरवर्षी एक असतो. डिपस्टिक म्हणजे लघवीत बुडवली की रंग बदलणारी पट्टी. १८२७ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या रिचर्ड ब्राइटने किडनीच्या आजाराचं जे वर्णन छापलं, त्या काळी लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अल्ब्युमिन असेल तर ती गढूळ व्हायची. डिपस्टिक त्याच्यापेक्षा बरी, पण ढोबळच. आपल्याला ज्या टप्प्यावर माणूस पकडायचा, तिथे ती बहुतेकदा कोरी राहते. अगदी थोडं अल्ब्युमिन अँटिबॉडीने मोजायची इम्युनोअसे पद्धत १९६३ साली त्याच गायजमध्ये हॅरी कीन यांनी मांडली, आणि आज आपण एसीआर म्हणून जे करतो त्याची सुरुवात ती. एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिनने भागायचं. माणूस पाणी जास्त प्यायला की लघवी पातळ होते आणि दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणून गुणोत्तर टिकतं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, ३०० च्या वर म्हणजे फार वाढलेलं.

अल्ब्युमिन करायला उशीर होणार असेल तर डबी उणे २० च्या डीप फ्रीजरमध्ये टाकून निश्चिंत होऊ नका. तिथे महिनोन्महिने ठेवलेल्या लघवीत अल्ब्युमिन कमी निघतं. एक तर चार अंशांवर ठेवून दोन-चार दिवसांत करून टाका, नाहीतर सरळ उणे ८० ला.

काय विचारायचं आणि कसं

"तुम्ही वेदनाशामक घेता का?" या प्रश्नाला गावात उत्तर "नाही" असंच येतं. "दिवसभर वेचणी केल्यावर कंबर धरली तर काय करता?" असं विचारा. मग पिशवीतून, नाहीतर देवघराच्या फळीवरून, एक अर्धवट फोडलेली पट्टी निघते. ती हातात घ्या, उलटी करा आणि नाव उतरवून घ्या: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड. आठवड्यात किती, किती वर्षांपासून आणि कुठून आणली, हेही लिहा. काढे, भस्म, पुड्या यांचंही तसंच. "औषध" म्हटलं की लोक ते मोजत नाहीत.

कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर वेगळी खूण करा. त्यातलं ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनला नलिकेतून बाहेर पडायला अडवतं. किडनीची गाळणी तीच, आकडा मात्र वर. आदल्या रात्री मटण झालं का, तेही विचारा. शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिनिन सरळ रक्तात येतं, आणि पाहुणे येऊन गेलेल्या घरात सगळ्यांचेच आकडे चढलेले दिसतात.

आता वय. ईजीएफआर म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला किडनीच्या गाळणीचा अंदाज. त्याच्या समीकरणात वय घातांकात बसलेलं असतं, दहा वर्षांची चूक झाली की उत्तर साधारण ६ टक्क्यांनी हलतं. गावात मात्र साठीच्या आसपासचा प्रत्येकजण "लिवा साठ" म्हणतो, आणि आधार कार्डावर १ जानेवारी. माझा उपाय बहात्तरच्या दुष्काळाचा. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कितीक होत्या?" कोणी म्हणतं कडेवर होते, कोणी म्हणतं खडी फोडायला आईसोबत जायची, कोणी म्हणतं लग्न त्याच साली झालं. त्यावरून दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय बसतं, आणि म्हातारी माणसं त्यानंतर जरा मोकळीही बोलतात.

रक्तदाब बसवून, पाच मिनिटं थांबवून, दोनदा. वजन, उंची. पुढे.

नळ्यांचा क्रम

आधी पिवळ्या टोपीची जेलवाली, मग जांभळी, शेवटी करडी. क्रम उलटा झाला आणि जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) थोडंसं जरी पिवळीत गेलं, तर पोटॅशियम ७ च्या वर आणि कॅल्शियम तळाला, असा रिपोर्ट येतो. ते ईडीटीए पोटॅशियमचंच मीठ असतं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. हट्टाकट्टा माणूस हसत समोर उभा आणि कागदावर त्याचं हृदय थांबायला आलेलं, असं दिसलं की आधी नळी बघा. एका नळीतून दुसरीत रक्त ओतून "भरून घेणं" ही सवय काही वॉर्डांतून येते. ती माझ्या सर्व्हेत चालत नाही.

शीर सापडत नाही म्हणून मूठ वारंवार उघड-मीट करायला लावू नका, त्यानेही पोटॅशियम चढतं. पिवळी नळी पाच-सहा वेळा अलगद उलटी करा, उभी ठेवा, अर्धा तास गोठू द्या. मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज. मशीन गावात न्या. तालुक्याला परत येईपर्यंत थांबू नका. न फिरवलेली नळी बर्फात ठेवणं हा सगळ्यात गोड गैरसमज आहे: थंडीत लाल पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. आधी फिरवा, सीरम वेगळं करा, नंतर बर्फ. शाळेत वीज जाते, तेव्हा जनरेटरवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

सीरमचे दोन भाग करा. एक आज तपासायला, दुसरा उणे ८० ला. दुसऱ्या फेरीचे नमुने आले की पहिल्या फेरीचे काही जपलेले नमुने त्यांच्यासोबत त्याच दिवशी, त्याच मशीनवर पुन्हा चालवा. तीन महिन्यांत किटची लॉट (कारखान्यातली तुकडी) बदललेली असते. गावाचे आकडे खरंच बदलले का नुसती लॉट बदलली, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पिक्रिक आम्ल की एन्झाइम

१८८६ साली कोनिग्सबर्गच्या मॅक्स जाफे यांनी पाहिलं की अल्कलीमध्ये पिक्रिक आम्ल आणि क्रिएटिनिन भेटले की नारिंगी रंग येतो. आपल्या कितीतरी लॅब आजही त्याच रंगावर चालतात. पद्धत स्वस्त आणि दणकट, पण रंग फक्त क्रिएटिनिनच देत नाही. प्रथिनं देतात, साखर देते, उपाशी किंवा मधुमेही माणसाच्या रक्तातलं असिटोअसिटेट देतं, काही सेफॅलोस्पोरिन देतात. बिलिरुबिन उलट आकडा खाली ओढतं, म्हणून कावीळ झालेल्या माणसाची किडनी जाफेने फार छान दिसते. किट बनवणारे यावर तोडगा म्हणून प्रत्येकाच्या आकड्यातून ठरावीक रक्कम वजा करतात. सरासरीला ते चालतं. पण ४० किलोच्या, प्रथिनं कमी खाणाऱ्या मजूर बाईला तीच वजाबाकी लागू पडेलच असं नाही.

थिसिसच्या पैशांत एकच चैन करा: एन्झाइमॅटिक क्रिएटिनिन. क्रिएटिनिनेज, क्रिएटिनेज, सार्कोसिन ऑक्सिडेज आणि शेवटी पेरॉक्सिडेजचा रंग, अशी ती साखळी. कॅलिब्रेटर (मशीन जुळवायचा प्रमाण-नमुना) आयडीएमएस या संदर्भ पद्धतीला जुळवलेला आहे का, ते किटच्या कागदावर वाचून घ्या; विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

एवढ्याशा फरकाने काय होतं, ते आकड्यातच बघा. पन्नास वर्षांची बाई, ईजीएफआर काढायचं २०२१ चं सीकेडी-ईपीआय समीकरण. क्रिएटिनिन १.० आलं तर ईजीएफआर ६९. तेच १.२ आलं तर ५५. साठच्या खाली गेलं की किडनीचं काम कमी धरतात आणि ती रेघ मध्येच आहे, म्हणजे ०.२ च्या चुकीने एक बाई निरोगी रकान्यातून रुग्णाच्या रकान्यात गेली. आणि दोन्ही आकडे बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसतात किंवा जेमतेम बाहेर जातात, त्यामुळे कोणाची भुवई उंचावत नाही.

दुसरी गोष्ट, लॅबला दोन दशांश मागा. रिपोर्टवर नुसतं १.० छापलेलं असतं तेव्हा आत ०.९५ असेल किंवा १.०४ असेल. त्याच बाईला पहिल्याने ७३ मिळतात, दुसऱ्याने ६५. गोल केलेल्या आकड्यावरून काढलेला ईजीएफआर एक्सेलमध्ये पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, परीक्षक हुशार असेल तर तिथेच पकडतो.

रोज सकाळी दोन पातळ्यांचं कंट्रोल (आकडा माहीत असलेला नमुना), त्याचे आकडे रोज मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, आणि चार्ट भरताना त्याच्याकडे बघणं. बाहेरच्या तुलनेसाठी वेल्लोरच्या सीएमसीची ईक्यूएएस (एकच नमुना अनेक लॅबना पाठवून निकाल ताडायची) योजना आहे. आपली लॅब तिच्यात भाग घेत असेल तर मागच्या वर्षभराचे क्रिएटिनिनचे निकाल काढून थिसिसच्या फाइलला लावा.

तरीही क्रिएटिनिन शेवटी स्नायूंतून येतं. कमी स्नायूंच्या माणसात ते किडनी बिघडूनही शहाण्यासारखं खालीच राहतं. भारतीयांमध्ये ही समीकरणं गाळणी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात असं प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्यांना दिसलं आहे. पैसे उरलेच तर निवडक लोकांचं सिस्टॅटिन-सी (किडनीच गाळते असं रक्तातलं दुसरं प्रथिन) करा, कारण ते स्नायूंवर अवलंबून नसतं. थायरॉइड, स्टेरॉइड आणि धूम्रपानाने मात्र तेही हलतं, तेव्हा ते तीन प्रश्न प्रश्नावलीत आधीपासून असू द्या.

रिपोर्ट परत नेणं

पहिली डबी वाटण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका फिजिशियनशी बोलून ठेवा, की आम्ही माणूस पाठवला तर तुम्ही बघाल. पोटॅशियम ६.५ च्या वर आलं आणि नमुन्यातल्या लाल पेशी फुटलेल्या नाहीत, तर त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी नाही. ईजीएफआर १५ च्या खाली असेल तर घरच्यांना सोबत घेऊन बोला. जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली आणि महात्मा फुले योजनेतून काय मिळतं, कागद कुठले लागतात, हे आधी स्वतः काउंटरवर जाऊन विचारून घ्या. गावातून आलेल्या माणसाला तिथे तीन खिडक्या फिरवतात.

खरी अडचण मधल्या माणसांची. ईजीएफआर ७२, एसीआर १८०, दुखत काहीच नाही. त्यांना "तुमची किडनी खराब" असं म्हणू नका. माणूस घाबरून त्याच आठवड्यात कुठल्यातरी पुड्या सुरू करतो. मी म्हणते: "लघवीतून एक पदार्थ थोडा जास्त जातोय. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर ही पट्टी बंद, बीपीची गोळी रोज, साखर तपासायची." दुखण्याची पट्टी बंद केली तर कंबरेचं काय, हा प्रश्न येणारच. तेव्हा पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस, हे फिजिशियनकडून लिहून आणलेलं असावं.

एक लॅब आपला आकडा युरिया म्हणून छापते, दुसरी बीयूएन, म्हणजे युरियातला नुसता नायट्रोजन, म्हणून. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. म्हणजे तिकडचे १९ आणि इकडचे साधारण ४१ एकच. जुना रिपोर्ट घेऊन "दुप्पट झालं हो" म्हणत येणाऱ्याला हे कागदावर करून दाखवा. लंडनला मुलगा असलेले एक आजोबा तिथला क्रिएटिनिन ९७ चा रिपोर्ट दाखवायला घेऊन आले होते. मायक्रोमोलमधला तो आकडा ८८.४ ने भागला की १.१ होतो.

रिपोर्ट बंद लिफाफ्यात आणि ज्याचा त्याच्याच हातात. पारावर नावं पुकारून वाटायचे नाहीत, सरपंचांनी कितीही आग्रह केला तरी. एखाद्या घरात किडनीचं काही आहे अशी कुजबुज झाली की त्या घरातल्या मुलीच्या सोयरिकीवर पाणी पडतं, हे या भागात कोणालाही विचारा. घर बंद असेल तर शेजारी ठेवायचा नाही. वेचणीहून माणसं परततात त्या वेळी पुन्हा जायचं.